११ टक्के म्हंजे किती?

२०२५ च्या पोळ्याला आमच्या गावच्या तोरणाखाली मोजून १९ जोड्या उभ्या होत्या. मी लहान असताना मारुतीच्या पारापासून शाळेच्या भिंतीपर्यंत रांग जायची आणि शेवटची जोडी तोरणाखालून निघेपर्यंत अंधार पडायचा. आता जोड्यांपेक्षा मोबाईल जास्त असतात. तरी शिंगांना बेगड होती, पाठीवर झुली होत्या, आदल्या दिवशीच्या खांदशेकणीची हळद बैलांच्या मानेवर अजून पिवळी दिसत होती, आणि पावसानं भिजलेल्या मातीत शेणाचा, घामाचा आणि उदबत्तीचा तो एकत्र वास होता, जो पोळ्याशिवाय दुसऱ्या कुठल्या दिवशी येत नाही. झडत्या, म्हणजे पोळ्याला तोरणाखाली म्हणायची टोमणेवजा कवनं, सुरू झाल्या. जुन्या दोन-चार झाल्या, सरपंचावर एक झाली, रस्त्यावर एक झाली. मग मागच्या बाजूनं एका पोरानं हात वर करून म्हटलं:

पऱ्हाटी रे पऱ्हाटी, हिरवी हिरवी पऱ्हाटी,
दिल्लीनं दार उघडलं अमेरिकेच्या गाठीसाठी,
अकरा टक्के माफ त्याले, आमच्यासाठी काठी!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

काय हशा पिकला. कापसाच्या आयातीवरचं ११ टक्के शुल्क काढून टाकल्याचा हुकूम येऊन जेमतेम तीन-चार दिवस झाले होते आणि त्याची झडती तयार होती. आमच्या कॉलेजात अभ्यासक्रम बदलायला दहा वर्षं लागतात. मीही हसलो, टाळी दिली, मोबाईलवर शूटिंग केलं.

मोठेबाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, हसले नाहीत. घरी आल्यावर मोठी आईनं बैलांचे पाय धुतले, ओवाळलं, पुरणपोळी खाऊ घातली. मोठेबाबा बैलाच्या जिभेखालून हात काढून धोतराला पुसत माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "बाबू, ११ टक्के म्हंजे आपल्या क्विंटलमांगं किती पडते?"

मी म्हटलं, हिशेब करून सांगतो.

"तू कॉलेजात हेच शिकवते न?"

तो हिशेब मला चार दिवस जमला नाही.

मी वर्ध्याला अकरावी-बारावीच्या पोरांना अर्थशास्त्र शिकवतो. आंतरराष्ट्रीय व्यापाराचा धडा आला की फळ्यावर दोन रकाने पाडतो, एक इंग्लंडचा, एक पोर्तुगालचा. रिकार्डो नावाच्या गृहस्थानं १८१७ साली मांडलेलं उदाहरण आहे हे. इंग्लंडनं कापड विणावं, पोर्तुगालनं द्राक्षाची दारू करावी, अदलाबदल करावी, दोघांचंही भलं होतं. दारूबंदीच्या जिल्ह्यात हे उदाहरण शिकवताना मागच्या बाकावरून दरवर्षी तोच विनोद येतो आणि दरवर्षी मी तो पहिल्यांदाच ऐकल्यासारखा दचकतो. उदाहरण तसं पक्कं आहे, गणित चुकत नाही. फक्त त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की इंग्लंडचा दारू करणारा माणूस उद्यापासून गुपचूप कापड विणायला लागेल. फळ्यावर तो लागतो. ओलं फडकं फिरवलं की एक रकाना पुसला जातो, दुसऱ्यात आकडा वाढतो. मोठेबाबांनी ६८ व्या वर्षी काय विणायला लागावं, हा प्रश्न परीक्षेला येत नाही.

बरं, हिशेब का जमेना, तेही सांगतो. एकच वस्तू, पण ती गावातून निघाल्यापासून जगात पोचेपर्यंत चार वेळा माप बदलते. मोठी आई वेचाई, म्हणजे वेचणीची मजुरी, मोजते किलोवर, मोठेबाबा विकतात क्विंटलवर. जिनिंगमधून, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यातून, निघाला की तो कापूस राहत नाही, रुई होतो, आणि रुईचा भाव निघतो खंडीवर. खंडी म्हणजे ३५६ किलो. हे माप कुणी ठरवलं कुणास ठाऊक, पण अख्खा बाजार आजही त्यावर चालतो. गाठ बांधली की १७० किलोची. आणि न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात तोच माल पौंडाला अमुक सेंट. वर क्विंटलभर कापसातून रुई निघते फक्त ३४ किलोच्या आसपास. बाकी बहुतेक सरकी, आणि सरकीचा भाव तेल-ढेपेवर, म्हणजे तिचं जग वेगळंच. तेव्हा ११ टक्के कशाचे? बंदरावर उतरलेल्या परदेशी रुईच्या किमतीचे. ते मोठेबाबांच्या चुंगडीपर्यंत, म्हणजे पोत्यापर्यंत, पोचेपर्यंत त्यातले किती उरतात आणि किती वाटेत गिरणीवाला, व्यापारी, जिनिंगवाला यांच्यात झिरपतात, हे सांगायला मी मीटर लावून बसलेलो नव्हतो. शिवाय ऑगस्टात कुणाच्या घरी कापूसच नसतो. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पात्या-फुलांवर असते. नसलेल्या कापसाचा पडलेला भाव कसा मोजायचा?

पण खरं कारण हे नव्हतं. हिशेब चुकण्याची मला भीती होती, आणि त्या भीतीला एक जुना संदर्भ होता.

२०२२ चा उन्हाळा आमच्याकडे कुणी विसरणार नाही. कापूस बारा हजारांच्या वर गेला, पुढंही चढला. म्हातारी माणसं म्हणायची, असा भाव जन्मात पाह्यला नाही. पण ज्यांच्या घरी तेव्हा कापूस होता त्यांनीच तो भाव पाहिला, आणि मोठेबाबांनी त्यांचा कापूस जानेवारीतच देऊन टाकला होता. त्याच वर्षी १४ एप्रिलला आयातशुल्क माफ झालं. गावात जयंतीची मिरवणूक होती, डीजे होता, कुणाचं लक्षही गेलं नाही. पुढच्या हंगामात मात्र मोठेबाबा सावध होते. दिवाळीनंतर व्यापाऱ्याचा माणूस खेडा खरेदीला दारात आला, साडेआठ हजारांच्या वर द्यायला तयार होता. त्यांनी मला फोन केला. मी तेव्हा स्टाफरूममध्ये होतो, समोर चहा होता. मी म्हटलं, "थांबा मोठेबाबा, मागच्या वर्षी पाहिलं न. अजून चढंल."

एवढंच म्हणालो. फोन ठेवला, चहा प्यायलो.

अख्ख्या विदर्भानं तेव्हा हेच केलं, त्यामुळे मी एकटा काही मूर्ख नव्हतो. पण इतरांना त्यांच्या घरच्या अर्थशास्त्राच्या मास्तरानं सांगितलं नव्हतं. डिसेंबर गेला, संक्रांत गेली, भाव पायरी पायरीनं उतरत राहिला. कापूस मधल्या खोलीत आढ्यापर्यंत रचलेला. ज्यांनी घरात कापूस ठेवलेला नाही त्यांना सांगतो, तो पांढरा ढीग दिसायला जेवढा मऊ दिसतो तेवढा सोबतीला मऊ नसतो. फेब्रुवारी संपत आला, ऊन तापलं, की त्यातून बारीक किडे निघतात, डोळ्यांना न दिसणारे, आणि अंगाला खाज सुटते. आधी मनगटाला, मग पोटाला, मग रात्रभर कुठंही. नातू कापसावर उड्या मारायचा, तो हातापायावर लाल फोड घेऊन झोपायचा. मोठी आई त्याला खोबरेल लावायची आणि काही बोलायची नाही. घरात कापूस आहे म्हणून मोठेबाबा विडी ओढायला अंगणाबाहेर, रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहत. मी होळीला गेलो तेव्हा रात्री साडेअकराला ते तिथं उभे दिसले. विडीचा लाल ठिपका तेवढा दिसत होता.

जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर, ३८ क्विंटल कापूस सात हजारांच्या आतबाहेर गेला. वाळून वजनही घटलं होतं. क्विंटलमागे पंधराशेचा फरक धरला तरी ५७ हजार होतात. हा हिशेब मात्र मला एका मिनिटात जमला. पीककर्जाचं नवंजुनं करायला मोठेबाबांना माझ्या धाकट्या चुलतभावाकडून पैसे घ्यावे लागले. माझ्यापाशी त्यांनी तो विषय आजपर्यंत काढलेला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

त्यामुळे पोळ्यानंतरचे ते चार दिवस मी हिशेबाऐवजी इकडचं तिकडचं वाचत बसलो. माणूस उत्तर टाळायचं असलं की इतिहासात शिरतो. तर इतिहासात असं आहे की आमचं वर्धा शहरच मुळात या धंद्याचं लेकरू आहे. अमेरिकेत १८६१ ला यादवी सुरू झाली, दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या, आणि साहेबाला एकदम वऱ्हाड-नागपूरच्या काळ्या मातीची आठवण आली. १८६२ ला वर्धा जिल्हा वेगळा काढला. १८६६ ला पालकवाडी नावाच्या गावाच्या जागी शहर आखलं, आणि १८६७ ला मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोचली. नुसत्या कापसावर लक्ष ठेवायला रिव्हेट-कार्नॅक नावाचा एक कापूस आयुक्त नेमलेला होता. त्या चार वर्षांतल्या सुबत्तेच्या दंतकथा आहेत: कास्तकारांनी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या म्हणतात. खरं-खोटं देव जाणे. पण युद्ध १८६५ ला संपलं, अमेरिकेचा कापूस पुन्हा वाहू लागला, मुंबईचा बाजार कोसळला, हे खरं. रेल्वे आमच्यापर्यंत पोचली ती तेजी ओसरल्यावर दोन वर्षांनी.

हिंगणघाटचा बनी कापूस तेव्हा नावाजलेला होता. बारीक, लांब धाग्याचा. आज गावात कुणाला बनी विचारा, पोरीचं नाव वाटतं. तो गेला, कारण पुढं आखूड धाग्याच्या जाड्याभरड्या कापसाला गिऱ्हाईक मिळालं, जपानच्या गिरण्यांना तो चालायचा, आणि त्यात रुईचा उताराही जास्त पडायचा. म्हणजे आमच्या वावरात कुठलं बी पेरलं जावं, हे ओसाकातल्या कुणा गिरणीवाल्याच्या सोयीनं ठरत होतं, आणि त्याला हिंगणघाट कुठं आहे हे माहीत असायचं काही कारण नव्हतं. ज्वारीच्या जागी कापूस वाढत गेला तेव्हा तो वाढवणाऱ्यांना कुणी फसवलं नव्हतं, हेही सांगायला हवं. कापसानं रोख पैसा आणला. आमच्या पणजोबांनी विहीर बांधली ती कापसाच्या पैशातून, आणि वाड्याचं दार सागवानी केलं तेही. नंतर १८९९-१९०० चा दुष्काळ आला, आणि ज्यांच्या कणगीत ज्वारी नव्हती त्यांच्या घरची गोष्ट वेगळी झाली. आमच्याच घरातल्या दोन पिढ्यांनी सागवानी दार आणि रिकामी कणगी, दोन्ही पाहिलं. मी यातलं एकच सांगून मोकळा झालो असतो तर वर्गात बरं वाटलं असतं.

वर्ध्यात राहून कापसाबद्दल बोलायचं आणि गांधीजींचं नाव घ्यायचं नाही, असं होत नाही. सेवाग्रामला सहली आणून आणून मला त्यांचा थोडा कंटाळा आलेला आहे, खोटं कशाला बोलू. पण एक फोटो आहे, तो मला दर वेळी थांबवतो. सप्टेंबर १९३१. गोलमेज परिषदेला गेलेले गांधीजी लँकेशायरमध्ये डार्वेनला गेले, तिथल्या गिरणी कामगारांना भेटायला. त्यांच्या गिरण्या बंद पडायला मंदीबरोबर भारतातला बहिष्कारही कारण होता. रागावलेला जमाव अपेक्षित होता. फोटोत गांधीजींच्या भोवती गिरणीतल्या बाया दाटीवाटीनं उभ्या आहेत आणि हसताहेत, हात वर करून ओरडताहेत. पंचा नेसलेला म्हातारा मधोमध. ज्या माणसामुळे आपल्या चुली थंडावल्या त्याला त्या बाया काय म्हणून जयजयकार करत होत्या, हे मला कुठल्याच सिद्धांतात बसवता आलेलं नाही. पाच वर्षांनी हाच माणूस वर्ध्याजवळच्या शेगावात कायमचा राहायला आला, ज्याचं पुढं सेवाग्राम झालं. आमच्या गावापासून मोटरसायकलीनं पाऊण तास.

सप्टेंबरात एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. देवळीकडचा पोरगा, बाप कास्तकार, माझ्याकडे बारावीला होता, हिशेबात हुशार. आता तिरुपूरला निर्यातीच्या कपड्यांच्या एका कंपनीत आहे. अमेरिकेनं भारताच्या मालावर आधी ७ ऑगस्टपासून २५ टक्के आणि २७ पासून ५० टक्के शुल्क लावलं होतं. "सर, माल पॅक करून पडला आहे," तो म्हणाला. "गिऱ्हाईक म्हणते निम्मी सूट द्या नाहीतर रद्द करा. दोन लाइन बंद केल्या. शिवणाऱ्या बाया ओडिशाच्या, झारखंडच्या, त्यायले घरी पाठवून राह्यले." मग थोडा थांबला. "धागा स्वस्त झाला नाही तर आम्ही बांगलादेश-व्हिएतनामसमोर टिकत नाही सर. कापसावरची ड्युटी काढली हे आमच्यासाठी बरोबर झालं." पुन्हा थांबला. "पण हे माझ्या बाबाले नका सांगू."

मी हसलो, तोही हसला. फोन ठेवल्यावर बराच वेळ माझ्या डोक्यात फळ्यावरचे ते दोन रकाने फिरत राहिले. वर्गात मी म्हणतो, स्वस्त आयातीनं कच्चा माल वापरणाऱ्याचा फायदा, पिकवणाऱ्याचा तोटा, एकूण फायदा जास्त. इथं वापरणारा आणि पिकवणारा एकाच घरात जेवायला बसतात, दिवाळीला एकमेकांच्या पाया पडतात. एकूण जास्त आहे हे खरंही असेल. पण "एकूण" नावाच्या माणसाला मी अजून भेटलेलो नाही.

आणि हे एकट्या कापसाचं नाही. आमच्याकडे पऱ्हाटीच्या काही ओळींमागं तुरीची एक ओळ असते, पाऊस फिरला तर तेवढा आधार म्हणून. त्या ओळीतही मोझांबिक आहे, तिथून तूर बिनशुल्क येते. माझ्या मामांची वरुडकडे संत्र्याची बाग आहे. तिथल्या संत्र्याचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे बांगलादेश. त्यांनी आयातकर वाढवत वाढवत असा नेला की ट्रक सीमेकडे जायचे ते नागपूर-रायपूरच्या बाजारातच येऊन साचले. मामा मंडईला "ढाका बंद आहे" असं म्हणतात, आमच्याकडे "लाईन बंद आहे" म्हणावं तसं. कुणी खोलेल तेव्हा खुलेल.

ब्राझीलची गोष्ट मात्र मला जरा जास्तच लागली. अमेरिका आपल्या कापूस शेतकऱ्यांना अनुदान देते, त्यानं जगाचा भाव पडतो, अशी तक्रार ब्राझीलनं २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत नेली. जिंकली. आणि शेवटी २०१४ ला अमेरिकेकडून ३० कोटी डॉलर घेऊन तंटा मिटवला. वर्गात हे सांगताना माझा आवाज चढतो, दुबळ्यानं पहिलवानाला पाडल्यासारखा. पण ब्राझील दुबळा नाही. आता जगात सगळ्यात जास्त कापूस तोच निर्यात करतो, अमेरिकेलाही मागं टाकून. तिथं सोयाबीन काढून त्याच जमिनीत कापूस घेतात, पावसावरच, यंत्रानं वेचतात, आणि हेक्टरी रुई अठराशे किलोच्या वर. भारताची सरासरी साडेचारशेच्या आसपास, आणि आमची कोरडवाहू त्याहूनही खाली. मोठी आईला मी एकदा ते वेचणीचं यंत्र मोबाईलवर दाखवलं. वावरातून एक घरच चालत गेल्यासारखं दिसतं ते. तिनं दोनदा पाहिलं. मग म्हणाली, "मांगं काही राहते का बोंडात?" मी म्हटलं, थोडं राहत असेल. "मंग कोणी वेचते का थे?" तिला यंत्राचं कौतुक नव्हतं वाटलं, राहिलेल्या कापसाची काळजी वाटली.

तर हिशेब.

पाचव्या दिवशी मी तो केला, निदान एक बाजू. आयातशुल्क माफ होताच सरकारी खरेदीतल्या रुईचे विक्रीदर दोन दिवसांत खंडीमागे ११०० रुपयांनी उतरले होते. ११०० भागिले ३५६ म्हणजे किलोला तीन रुपये नऊ पैसे. क्विंटलभर कापसात रुई ३४ किलो. म्हणजे क्विंटलमागे १०५ रुपये. सरकी धरली नाही, पुढं काय होईल ते धरलं नाही, हमीभाव ८११० जाहीर होता तो तिकडं किती मिळेल तेही धरलं नाही. फक्त त्या दोन दिवसांचा हिशेब. मी रविवारी गावी गेलो आणि मोठेबाबांना वहीवर मांडून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून सगळे भागाकार पाहिले. मला वाटलं, इतकंच का, असं म्हणतील. १०५ हा आकडा झडतीत शोभण्यासारखा नव्हता.

मोठी आई तिथंच तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर न करता विचारलं, "वेचाई दहा रुपये किलो चालली न मांगच्या साली?"

"हाओ."

"म्हंजे दहा-साडेदहा किलो." मग तिनं सूप झटकलं. "कंबर मोडते बाप्पा तितक्यात."

मी वहीत खाली लिहून ठेवलं, साडेदहा किलो. का लिहिलं, माहीत नाही.

पुढं शुल्कमाफीची मुदत सप्टेंबरअखेरची होती ती डिसेंबरअखेरपर्यंत वाढली, म्हणजे नेमका आमचा कापूस बाजारात यायचा तेवढा काळ. पाऊस लांबला, पहिली बोंडं झाडावरच काळी पडली. तरी सीतादही झालं. मोठी आईनं वावरात पऱ्हाटीपाशी पाच दगड मांडले, हळदकुंकू वाहिलं, दहीभाताचा घास ठेवला आणि पहिला कापूस ओटीत घेतला. ओला होता. पिळला असता तर पाणी निघालं असतं. सरकारी खरेदीला ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव, १२ च्या वर गेला की गाडी परत. कापूस अंगणात ताडपत्रीवर वाळत घातला, ढग आले की सगळे धावत. मी ॲपवर मोठेबाबांची नोंदणी करून दिली. सातबारा, आधार, पासबुक, सगळ्यांचे फोटो, आणि दर वेळी त्यांच्या मोबाईलवर येणारा ओटीपी. तो फोन नेमका नातवाकडे गेम खेळायला असायचा.

डिसेंबरात गेलो तेव्हा मधली खोली पुन्हा आढ्यापर्यंत भरलेली होती. बल्बचा उजेड त्या ढिगावर पडून सगळ्या घरात एक पांढरट, धूसर प्रकाश आला होता, लग्नघरात येतो तसा. व्यापाऱ्याचा टेम्पो दुपारी येणार होता, सरकारी केंद्राचा नंबर आणखी बारा दिवसांनी. व्यापारी हमीभावापेक्षा कमी देत होता, पण रोख. मोठेबाबा दारात उकिडवे बसले, ढिगातून एक पुंजका ओढला, दोन्ही अंगठ्यांत धरून सावकाश ताणला. धागा किती लांब येतो हे बघायची त्यांची जुनी सवय. मग तो पुंजका तसाच हातात धरून त्यांनी मला विचारलं, "काय म्हणते बाबू, थांबू का?"

तोच प्रश्न. माझ्या खिशात मोबाईल होता, त्यात न्यूयॉर्कचा सकाळचा भाव होता, डॉलरचा होता, ब्राझीलच्या नव्या पिकाचा अंदाज होता. घसा कोरडा पडला.

"मले नाई माहीत, मोठेबाबा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं त्यांना बरं वाटलं. निदान चेहरा तरी सैल झाला. त्यांनी पुंजका ढिगावर टाकला, गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि चुलतभावाला हाक मारली.

"अर्धा भर. अर्धा राहू दे."

आम्ही दोघं-तिघं चुंगड्या भरायला लागलो. पायानं दाबत, शिवत. टेम्पो येईपर्यंत खोलीतला ढीग खिडकीच्या खालपर्यंत आला होता, आणि नातू त्यावर चढून, एका हातानं पोट खाजवत, आढ्याला हात पुरतो का ते बघत होता.